परवाना खिशातच राहिला

"साहेब, माझ्याजवळ शस्त्र आहे हे मला आपल्याला सांगितले पाहिजे." ज्याला शस्त्र चालवायचे असते तो त्याची अशी आगाऊ वर्दी देत नाही, आणि दिलीच, तर 'साहेब' अशी सुरुवात करून खचितच देत नाही. ६ जुलै २०१६ च्या रात्री नऊच्या सुमारास अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील फाल्कन हाइट्स या छोट्या उपनगरात फिलँडो कॅस्टील या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय नागरिकाने आपली मोटार अडविणाऱ्या पोलिसाला उद्देशून हे वाक्य उच्चारले. त्यानंतर दहा सेकंदही गेली नाहीत, तोच त्या पोलिसाने त्यांच्यावर सात गोळ्या झाडल्या. पाच गोळ्या लागल्या. त्यांपैकी दोन हृदयात शिरल्या. शेजारच्या आसनावर त्यांची मैत्रीण बसली होती आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी. कॅस्टील यांचे पिस्तूल त्यांच्या विजारीच्या खिशात होते आणि ते बाळगण्याचा सरकारी परवाना पाकिटात.

गोळ्या झाडणारे पोलीस अधिकारी हेरोनिमो यानेझ यांची १६ जून २०१७ रोजी ज्यूरीने सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता केली. खटला तेथे संपला, त्यातील प्रश्न मात्र संपला नाही. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका प्रकरणात दिलेल्या निकालाने तो नव्याने ऐरणीवर आणला. पोलिसाच्या गोळीचा न्याय करताना घड्याळ केव्हापासून चालू करायचे, असा तो प्रश्न आहे. गोळी सुटण्याच्या क्षणापासून मोजायचे, की मोटार अडविण्याचा विचार पोलिसाच्या मनात आला तेव्हापासून? कॅस्टील प्रकरणाचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे. त्यासाठी त्या रात्रीचा घटनाक्रम नीट पाहावा लागतो.

कॅस्टील हे सेंट पॉल शहरातील एका माँटेसरी शाळेच्या भोजनगृहात पर्यवेक्षक होते. त्या शहराच्या शालेय खात्यात ते २००२ पासून नोकरीला होते. मुलांची नावे त्यांना पाठ असत आणि कोणत्या मुलाला कोणता पदार्थ सोसत नाही, हेही. ज्यांच्या खात्यावर जेवणाचे पैसे उरलेले नसत, अशा मुलांची आठवण ठेवून त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने एक निधी उभा राहिला आणि त्यातून सेंट पॉलच्या शाळांतील मुलांची जेवणाची थकबाकी फेडली गेली. (शाळेतल्या जेवणापोटी मुलांच्या नावावर कर्ज चढते, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल, पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात तसे होते खरे.) या गृहस्थांच्या नावावर गंभीर गुन्ह्याची नोंद नव्हती. तरीही तेरा-चौदा वर्षांत पोलिसांनी त्यांना चाळिसांहून अधिक वेळा रस्त्यात अडविले होते. कारणे बहुधा किरकोळ असत आणि त्यांच्यावर लावलेले निम्म्याहून अधिक आरोप पुढे रद्द झाले. म्हणजे पोलिसाने गाडी अडविणे हा त्यांच्या आयुष्यातला अपवाद नव्हता. त्या रात्रीही ते शांत होते, ते त्याचमुळे असावे.

त्यांना अडविण्याचे उघड कारण होते मागचा ब्रेकचा दिवा बंद असणे. खरे कारण वेगळे होते. काही दिवसांपूर्वी त्या भागातील एका दुकानावर सशस्त्र दरोडा पडला होता. गाडीतील माणसे त्या दरोडेखोरांसारखी दिसतात, विशेषतः चालकाचे नाक तसेच रुंद आहे, असे यानेझ यांनी बिनतारी यंत्रावरून आपल्या सहकाऱ्याला कळविले होते. रात्रीच्या वेळी, चालत्या मोटारीत ओझरत्या दिसलेल्या नाकावरून संशय! बरे, संशय खरा मानला, तर सशस्त्र दरोड्यातील संशयितांना रोखण्याची जी रीत पोलिसांना शिकविलेली असते, ती येथे अवलंबिली गेली नाही. कुमक बोलावून, अंतर राखून, ध्वनिवर्धकावरून हुकूम देऊन माणसे खाली उतरविली जातात, तसे झाले नाही. यानेझ सरळ खिडकीपाशी गेले, दिवा बंद असल्याचे सांगितले आणि वाहनपरवाना व विम्याचे कार्ड मागितले. म्हणजे वागणे दिवा तपासणाऱ्या पोलिसाचे आणि मनात धास्ती मात्र दरोडेखोराची. समोरच्या माणसाला यातले फक्त पहिले दिसत होते.

कॅस्टील यांनी विम्याचे कार्ड दिले. मग शस्त्राविषयीचे ते वाक्य उच्चारले. मिनेसोटाच्या कायद्यानुसार परवानाधारकाने पोलिसाने विचारल्यावर शस्त्राची माहिती द्यायची असते. आपण होऊन सांगण्याचे बंधन नाही. कॅस्टील यांनी न विचारता सांगितले. वाक्य पुरे होते न होते तोच यानेझ यांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. पुढचा संवाद पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्याने टिपला आहे. "ठीक आहे, मग त्याच्याकडे हात नेऊ नका." "मी ते..." "ते बाहेर काढू नका." "मी ते बाहेर काढत नाही." शेजारची मैत्रीणही सांगते, "ते बाहेर काढत नाहीत." पुन्हा किंचाळून एकदा "ते बाहेर काढू नका!" आणि गोळ्या. यानेझ बोलू लागल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत सुमारे चाळीस सेकंद गेले होते.

व्याकरणाचे ज्यांना थोडे वेड आहे अशा वाचकाने या संवादातल्या 'ते' या सर्वनामापाशी क्षणभर थांबावे. 'ते' म्हणजे काय? पोलिसाच्या मनात 'ते' म्हणजे पिस्तूल. पण नुकताच त्याच पोलिसाने वाहनपरवाना मागितलेला आहे आणि तो काढण्यासाठी खिशाकडे हात नेणे हेच त्या क्षणी आज्ञापालन आहे. परवाना मागण्याची पहिली आज्ञा कोणी मागे घेतलेली नाही. दुसरी आज्ञा तिच्याशी विसंगत आहे आणि तीही नकारार्थी. काय करू नये ते सांगितले, काय करावे ते सांगितलेच नाही. "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा" एवढे एक वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात. ते कोणीही उच्चारले नाही. प्राण जात असतानाही कॅस्टील यांच्या तोंडी शब्द होते ते एवढेच की, मी ते काढायला हात नेत नव्हतो.

येथे पोलिसांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आम्ही सदैव कायदा व सुव्यवस्थेच्या पक्षाचे आहोत आणि गणवेशातील माणसाला उठसूट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी फॅशन सर्वत्र बोकाळली आहे, ती आम्हाला मान्य नाही. ज्या देशात नागरिकांच्या हातातील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून अधिक मानली जाते, तेथे अंधारात अनोळखी मोटारीच्या खिडकीशी जाणे हे धैर्याचे काम आहे. असे करताना अमेरिकेत पोलीस मारले गेलेले आहेत. कॅस्टील यांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, ७ जुलैला, टेक्सासमधील डॅलस येथे निषेधमोर्चाच्या बंदोबस्तावरील पाच पोलीस एका माथेफिरूने टिपून मारले. त्याच मोर्चात एक जण कायदेशीररीत्या रायफल खांद्याला लावून चालत होता. पोलिसांनी त्याचेच छायाचित्र संशयित म्हणून प्रसिद्ध केले. तो स्वतः पोलिसांकडे गेला, चौकशी झाली आणि त्याचा काही संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. गोळीबार सुरू झाल्यावर चांगला कोण आणि वाईट कोण हे ओळखायचे कसे, असा प्रश्न डॅलसच्या पोलीसप्रमुखांनी नंतर विचारला. तो रास्त आहे. यानेझ यांच्याविषयीही आम्ही एवढे म्हणू की, त्यांची भीती ढोंगी नव्हती. कॅमेऱ्यातील त्यांचा आवाज भेदरलेल्या माणसाचा आहे.

परंतु भीती खरी होती की नाही, एवढाच प्रश्न असता तर न्यायालयांची गरज उरली नसती. भिणाऱ्याच्या शपथेवर काम भागले असते. ती भीती आली कोठून, आणि त्या जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या समंजस पोलिसाला ती वाटली असती का, हे तपासावे लागते. येथे दुसरा पोलीस कल्पनेतून आणण्याची आवश्यकता नव्हती. यानेझ यांचा सहकारी गाडीच्या दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष उभा होता. त्याने आपल्या पिस्तुलाला हातही लावला नाही. न्यायालयात त्याने सहकाऱ्याच्या बाजूने साक्ष दिली, हे खरे. पण त्या रात्री त्याच्या हाताने दिलेली साक्ष आम्हाला अधिक बोलकी वाटते.

भीती कोठून आली, याचे उत्तर काही अंशी प्रशिक्षणात आहे. अमेरिकेत एकसंध पोलीस दल असे नाही. गाव, काउंटी, राज्य अशा निरनिराळ्या पातळ्यांवर सुमारे अठरा हजार स्वतंत्र दले आहेत आणि प्रत्येकाची शिकवण वेगळी. फाल्कन हाइट्सला तर स्वतःचे दलही नव्हते. शेजारच्या सेंट अँथनीचे पोलीस तेथे कंत्राटावर काम पाहत. यानेझ यांनी २०१४ मध्ये एका खासगी संस्थेचा वीस तासांचा वर्ग केला होता. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'अभेद्य योद्धा'. पोलीस हा योद्धा, रस्ता ही रणभूमी, आणि क्षणभर कचरलात तर मेलात, अशा धाटणीची ही शिकवण त्या काळी फोफावली होती. योद्धा हा शब्द आपल्याला प्रिय आहे. पण योद्ध्यासमोर शत्रू असतो आणि पोलिसासमोर, निन्यानव वेळा तरी, कर भरणारा नागरिक असतो. ज्याच्या मनावर पहिली प्रतिमा बिंबविली, त्याला दुसरी दिसणार कशी?

चौकशीत यानेझ यांनी गांजाच्या वासाचा उल्लेख केला. लहान मुलीसमोर जो माणूस गांजा ओढतो, तो माझ्या जिवाची काय पर्वा करणार, असा विचार मनात आल्याचे त्यांनी सांगितले. बचाव पक्षाने न्यायालयात या मुद्द्यावर फार भर दिला. शवविच्छेदनात रक्तात गांजाचा अंश आढळला होता. आणि गांजा सेवन करणाऱ्याला शस्त्र बाळगण्यास अमेरिकेचा संघीय कायदा मनाई करतो, म्हणून मृत व्यक्ती खऱ्या अर्थाने कायदेशीर शस्त्रधारक नव्हतीच, असाही युक्तिवाद पुढे आला. हा मुद्दा आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. मात्र गोळी झाडताना पोलिसाच्या हाती प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. त्याला ठाऊक होते ते इतकेच की, हा माणूस नम्रपणे बोलतो आहे आणि आपल्याजवळ शस्त्र असल्याचे आपण होऊन सांगतो आहे. तसेच गोळीबारानंतर लगेच यानेझ आपल्या वरिष्ठाला सांगताना ऐकू येतात की, पिस्तूल कोठे होते ते मला ठाऊक नव्हते. खटल्यात मात्र आपण पिस्तूल पाहिले होते, असे त्यांनी शपथेवर सांगितले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हा सरकारी वकिलांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला, असे आमचे मत आहे.

मग ज्यूरीने सोडले कसे? बारा जणांच्या त्या ज्यूरीत दोन कृष्णवर्णीय होते. पाच दिवस त्यांची खल-चर्चा चालली होती. त्यांनी वर्णद्वेषाने निकाल दिला असे सरसकट म्हणणे आम्हाला उथळपणाचे वाटते. यानेझ हे स्वतःही मेक्सिकन वंशाचे आहेत. अडचण कायद्याच्या कसोटीत होती. १९८९ च्या 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, पोलिसाने वापरलेले बळ वाजवी होते की नाही, हे घटनास्थळीच्या समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. मागाहून सुचलेल्या शहाणपणाच्या प्रकाशात पाहू नये. या निकालामागची कथा विलक्षण आहे. ग्रॅहम नावाचा मधुमेही गृहस्थ रक्तातील साखर उतरू लागल्याने संत्र्याचा रस घ्यायला दुकानात धावत गेला, रांग लांब पाहून तसाच धावत परतला, आणि या धावपळीचा संशय येऊन पोलिसांनी त्याला बेड्या घालून असे आदळले की त्याचे पाऊल मोडले. एका आजारी माणसाच्या गाऱ्हाण्यातून जन्मलेला हा निकाल पुढे पोलिसांची ढाल बनला. मिनेसोटातील खटला राज्याच्या फौजदारी कायद्याखाली, सदोष मनुष्यवधाच्या आरोपाचा होता. पण 'वाजवी' या शब्दावर छाया त्याच निकालाची होती.

मागाहूनचे शहाणपण पोलिसाच्या विरोधात वापरू नये, हे तत्त्व आम्हाला तत्त्व म्हणून मान्य आहे. निमिषार्धात घेतलेल्या निर्णयाची चिकित्सा खुर्चीत बसून करणे सोपे असते. पण मग तो नियम दोन्ही बाजूंना लागू व्हावा. येथे मृताच्या रक्ताचा मागाहून आलेला अहवाल पोलिसाच्या बाजूने वापरता आला, आणि पोलिसाने स्वतःच उभ्या केलेल्या गोंधळाची चाळीस सेकंदे मात्र अखेरच्या दोन सेकंदांच्या आड गेली. ज्याने एकमेकींशी न जुळणाऱ्या आज्ञा दिल्या, संशय एक धरला आणि वागणूक दुसरी ठेवली, त्यानेच शेवटी म्हणायचे की निर्णय घेण्यास वेळ नव्हता! वेळ नव्हता हे खरे. तो कोणी खर्चून टाकला?

सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल नेमका या जागी बोट ठेवतो. 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' हे प्रकरण टेक्सासमधील ह्यूस्टनजवळचे, तेही २०१६ चेच. टोल न भरल्याच्या कारणावरून अडविलेली मोटार चालू झाली, पोलीस अधिकाऱ्याने तिच्या दारालगतच्या पट्टीवर उडी घेतली आणि क्षणात गोळ्या झाडून चालकाला ठार केले. खालच्या न्यायालयांनी फक्त अधिकारी गाडीला लटकला होता, ती दोन सेकंदे पाहिली. त्या दोन सेकंदांत जिवाला धोका होता, सबब गोळीबार वाजवी. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही रीत चुकीची ठरविली. अखेरच्या क्षणाआधी जे जे घडले ते सारे विचारात घेतलेच पाहिजे, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले आहे. हा दिवाणी दावा होता आणि त्यामुळे यानेझ यांच्या मुक्ततेला धक्का लागत नाही. पण जी कसोटी आता लावली जाईल, ती त्या ज्यूरीसमोर असती तर चर्चा कोणत्या दिशेने गेली असती, हे कल्पिणे अवघड नाही. मिनेसोटा राज्याने तर २०२० मध्येच आपला कायदा बदलला. प्राणघातक बळ वापरण्यासाठी धोका नेमकेपणाने सांगता आला पाहिजे, असे बंधन घातले आणि ते योद्ध्यांचे वर्ग बंद केले. यानेझ यांना पुन्हा पोलीस दलात घेण्यात आले नाही. सेंट अँथनीने कॅस्टील कुटुंबाला जवळपास तीस लाख डॉलरची भरपाई दिली. न्यायालयात जे चूक ठरले नाही, त्याची किंमत नगरपालिकेने चुकविली, असा हा अजब हिशेब आहे.

आणखी एका मौनाची नोंद केली पाहिजे. अमेरिकेत शस्त्रधारकांच्या हक्कासाठी अहोरात्र झगडणारी नॅशनल रायफल असोसिएशन ही बलाढ्य संघटना आहे. सरकारने कोणाच्या बंदुकीकडे वाकड्या नजरेने पाहिले तरी तिचा आवाज देशभर दुमदुमतो. येथे सरकारी नोकराने परवानाधारकाला ठार केले होते. दोन दिवसांनी संघटनेचे त्रोटक निवेदन आले आणि त्यात मृताचे नावही नव्हते. दुसऱ्या बाजूला, बंदुका नकोतच असे म्हणणाऱ्यांनी या घटनेला बंदुकांच्या विरोधातला आणखी एक दाखला केले; एका माणसाने कायद्याचा मान राखून शस्त्र बाळगले होते आणि पोलिसाचा मान राखून ते जाहीर केले होते, ही गोष्ट त्यांनाही गैरसोयीचीच होती. तत्त्व कोणाच्या कातडीवर येऊन थांबते, हे अशा वेळी कळते.

यात राज्यसंस्थेच्या शब्दाचा प्रश्न आहे. मिनेसोटात २००३ पासूनचा कायदा असा की, अटी पूर्ण करणाऱ्याला शेरीफने शस्त्र बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्क असल्याचा निर्वाळा दिला. निम्म्याहून अधिक राज्यांत आता त्यासाठी परवानाही लागत नाही. ते धोरण शहाणपणाचे की वेडेपणाचे, याचा निर्णय अमेरिकन जनतेने करावा. पण एकदा ते स्वीकारले की, शस्त्र जवळ असणे हा नागरिकाच्या गुन्ह्याचा पुरावा होऊ शकत नाही आणि केवळ तेवढे पोलिसाच्या गोळीचे कारणही होऊ शकत नाही. प्रत्यक्षात काय होते? फेब्रुवारी २०२२ मध्ये मिनिॲपोलिस येथे पहाटे दार न ठोठावता घरात घुसलेल्या पोलिसांनी पांघरुणातून पिस्तुलासह उठू पाहणाऱ्या अमीर लॉक या २२ वर्षांच्या तरुणाला दहा-एक सेकंदांत ठार केले. वॉरंटमध्ये त्याचे नाव नव्हते, शस्त्र कायदेशीर होते. खटला भरला गेला नाही. मे २०२४ मध्ये फ्लोरिडात रॉजर फोर्टसन या हवाई दलातील २३ वर्षांच्या सैनिकाने दारावरील थाप ऐकून, पिस्तूल जमिनीच्या दिशेला धरून दार उघडले. त्याला तेथल्या तेथे गोळ्या घातल्या गेल्या. त्या अधिकाऱ्याला मात्र नोकरीवरून काढले गेले आणि त्याच्यावर मनुष्यवधाचा आरोपही ठेवण्यात आला. आठ वर्षांत काही बदलले असेल, तर ते एवढे.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र केले. त्याची सल इतकी खोल होती की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. १९५९ च्या कायद्याखाली मोजक्यांना परवाना मिळतो आणि निवडणूक लागली की त्यांपैकी अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. पण पोलिसाची भीती आणि नागरिकाचा जीव हा पेच आपल्यालाही सुटलेला नाही. ३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये पोलिसांनी एका मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव करून दोन निरपराध व्यावसायिकांना ठार केले. उत्तर प्रदेशातील एका फरारी गुंडाचा संशय होता. आतून आधी गोळीबार झाला, असा दावा करण्यात आला आणि एक पिस्तूलही दाखविण्यात आले. तो दावा न्यायालयात टिकला नाही. सहायक आयुक्तासह दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चौदा वर्षे लागली, हे मान्य. पण आपल्या दंडसंहितेत 'सद्भावना' या शब्दाची जी व्याख्या होती आणि नव्या न्याय संहितेतही जी राहिली आहे, ती येथे आठवावी: यथोचित काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येत नाही. मला मनापासून तसे वाटले, एवढे म्हणून आपल्या कायद्यापुढे भागत नाही. वाटण्यापूर्वी पाहिले काय, हेही सांगावे लागते. यानेझ खटल्यात ही व्याख्या असती तर?

हे लिहिताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. नव्वदच्या दशकात मुंबईत रोज चकमकींच्या बातम्या येत. १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकी आणि त्यांतील १३५ मृत्यू यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २०१४ च्या सप्टेंबरात न्यायालयाने प्रत्येक चकमकीचा स्वतंत्र यंत्रणेकडून तपास व्हावा, घटनेनंतर लगोलग बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे निर्देश दिले. त्या काळात आपल्या घरांतून काय बोलले जाई, ते आठवून पाहावे. मारला गेलेला गुंडच असणार, हे आपण गृहीत धरले होते. कित्येकदा ते खरेही होते. पत्रकारितेतील आमच्यासारख्यांनीही पोलिसांचे निवेदन जसेच्या तसे छापले आणि चकमकफेम अधिकाऱ्यांची कौतुके केली. आतून आधी गोळी आली होती का, असा प्रश्न विचारणाऱ्याकडे आम्ही संशयाने पाहत असू. कॅस्टील प्रकरणात निवेदनाऐवजी कॅमेरा होता, म्हणून आज आपण 'ते' या एका शब्दाची चिकित्सा करू शकतो.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आपल्या परिवारातील शेकडो घरांची मुले-सुना आज अमेरिकेत आहेत आणि आई-वडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन येतात. पोलिसाने गाडी थांबविली की लगबगीने खाली उतरून, कागद हातात घेऊन त्याच्यासमोर जायचे, ही आपली सवय. त्यात आपल्या दृष्टीने आदर असतो. तेथे नेमके तेच करायचे नसते. गाडीतच बसावे, आतला दिवा लावावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत, आणि खिशात किंवा कप्प्यात हात घालण्यापूर्वी काय काढणार आहोत हे सांगून परवानगी घ्यावी. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनीही मध्येच पिशवी उघडू नये. मुलांनी हे आई-वडिलांना विमानतळावरून घरी आणतानाच सांगून ठेवावे. पहिलाच प्रवास रात्रीचा असण्याचा संभव अधिक असतो.